दुसरा कोण?

काहीतरी भयंकर ऐकून माणसं हादरतात. मी हादरले ते काहीच ऐकू आलं नाही म्हणून. त्या गोष्टीला आता इतकी वर्षं झाली की तेव्हाचे अर्धे लोक गेले आणि माझ्या डाव्या कानात यंत्र आलं. नात म्हणते, आजी, तुला हाक मारली तर तू ओ देत नाहीस. मी म्हणते, अगं, यंत्र काढून ठेवलं होतं. पण तिनं असं म्हटलं की मी हातातलं टाकून आधी यंत्र कानात घालते. त्या पोरीला काय ठाऊक, ऐकू न येण्याची मला किती दहशत आहे ती.

आमचं दुकान लक्ष्मीपुरीतल्या एका आखूड गल्लीत होतं. पुढं दुकान, मागं घर, आणि मधे एक पडदा, तो कधीच धड ओढलेला नसायचा. आबा, म्हणजे माझे वडील, वायरलेस दुरुस्त करायचे. गाणी ऐकायचे रेडिओ दुरुस्त करणारे कोल्हापुरात पैशाला पासरी होते. बोलायचे सेट उघडणारा माणूस आबांखेरीज नव्हता, निदान आबांचं तसं म्हणणं होतं. बटण दाबून बोलायचं, सोडून ऐकायचं, असे ते सेट. टेबलावर दिवसभर त्यांची खरखर चाललेली असायची. त्या खरखरीवर आबांचा आवाज, त्याच्यावर गल्लीतल्या हमालांचा, आणि सगळ्यांच्या वर स्वयंपाकघरातून आईचा. आमच्या गावात कानात सांगितलेली गोष्टसुद्धा पलीकडच्या गल्लीत ऐकू जाते, तिथं वायरलेसची गरजच काय, असं आई म्हणायची. ती मुरगूडची, शेतकऱ्याघरची. माणूस पुढ्यात नसताना त्याच्याशी बोलणं तिला शेवटपर्यंत आगाऊपणाचं वाटत राहिलं. मी मात्र सातवीत असल्यापासून हातात कथील आणि कावीळ झाल्यासारखी पिवळी पडलेली बोटं घेऊन आबांच्या शेजारी बसत असे. आबांना मुलगा नव्हता आणि त्याचं त्यांना काही वाटत असेल तर ते त्यांनी कधी दाखवलं नाही.

आता गंमत बघा. आबांनी समुद्र पाहिला नव्हता आणि ते विमानात बसले नव्हते. पण दुकानात जे सेट यायचे त्यातले निम्मे समुद्रावरचे आणि उरलेल्यातले बरेच विमानाचे. कोकणातल्या मच्छीमारांचे सेट आंबा घाटातून एसटीच्या टपावर बसून यायचे, गोणपाटात गुंडाळून, सुतळीनं बांधून. गाठ सोडली की मिठाचा आणि सुक्या बोंबलाचा वास माजघरापर्यंत जायचा. कधी त्या गोणपाटात खरोखरच सोड्याची, म्हणजे सुक्या कोळंबीची, पुडी असायची, दुरुस्तीवर प्रेमानं दिलेली. आई मंगळवार-शुक्रवार अंबाबाईचे पाळायची, आणि ही पार्सलं नेमकी शुक्रवारीच कशी येतात हे तिला कोडं होतं. ती उदबत्ती लावून दुकानभर फिरवायची, आबांना दोन शब्द ऐकवायची आणि शनिवारी त्याच सोड्यांचं असं कालवण करायची की गल्लीतले लोक भाकरी घेऊन यायचे बाकी राहायचे.

विमानाचे सेट आणायचे चव्हाणकाका. ते धावपट्टीवर वायरलेसची देखभाल करायचे. आठवड्यातून एकदा सायकलच्या कॅरिअरला पिशवी लावून यायचे, एक कप चहा बशीत ओतून तीनदा प्यायचे आणि पिशवीतून एखादा पार्ट काढून आबांपुढं ठेवायचे. विमानं तेव्हा कोल्हापुरात येऊन जाऊन कितीशी यायची! पण काका असे बोलायचे की जणू आभाळात विमानांची गर्दी मावत नाही. त्यांचे सेट सगळे एएम. बोटींवरही तेव्हा जुने एएमच होते. म्हणजे काय, ते एकदाच सांगते. एएममध्ये माणसाचा आवाज लाटेच्या जोरावर बसून जातो, लाट कमी-जास्त होते तसा आवाज उमटतो. मग वीज चमकली, इंजिनाची ठिणगी उडाली, की त्याचाही जोर त्यात मिसळतो आणि कानात कडकडाट होतो. एफएममध्ये लाटेचा जोर तोच राहतो, तिच्या हेलकाव्यांचा वेग बदलतो. त्यामुळं बाहेरचा कडकडाट छाटून टाकता येतो, आणि आवाज येतो तो लख्ख. मी तेव्हा रेडिओच्या डिप्लोमाला होते, पुस्तकात नुकतं हे शिकले होते, आणि नवीन शिकलेल्या माणसाइतका वाह्यात माणूस दुसरा नसतो. मी काकांना म्हणायची, "काका, विमान पुढं गेलं आणि तुमचे सेट मागंच राहिले की."

काका बशीतला चहा फुंकत म्हणायचे, "ऱ्हाऊ द्यात. आमच्यात दोन पायलट एकदम बोलली, तर शिट्टी वाजती. कुईऽऽ करून. कानाला तरास हुतो, पण कळतंय तरी, की आनी कोनतरी हाय म्हणून."

"म्हणजे खरखर ती खरखर, वर शिट्टी. हा काय गुण झाला?"

"तुझं पुस्तक काय म्हंतंय त्ये मला ठावं न्हाय," काका म्हणायचे. मग ते आबांकडं बघून हसायचे आणि मला वाटायचं, जिंकले.

ती शिट्टी मी पुन्हा ऐकली महादू तांडेलांच्या तोंडून. तांडेल म्हणजे बोटीचा म्होरक्या. ते आमचं जुनं गिऱ्हाईक, चाळिशीचे, काळेभोर, बसायला स्टूल दिलं तरी दाराच्या चौकटीला टेकून उभे राहणारे. जमीन हलत नाही याचंच त्यांना अवघडल्यासारखं होत असावं. ते आणि धाकटा भाऊ रघू, दोघांच्या दोन बोटी. त्यांचे एएम सेट मरणपंथाला लागले होते, ते दाखवायला महादूमामा स्वतः घाट चढून आले. बोलता बोलता त्यांनी बंदरावरची एक रीत सांगितली. त्यांच्या पंधरा-वीस बोटी एकाच चॅनेलवर. दिवसभर गप्पा, चेष्टा, शिव्या, सगळं तिथंच. पण मधेच शिट्टी वाजली, म्हणजे एक बोलत असताना दुसऱ्यानं बटण दाबलं, की जो बोलत असेल त्यानं तिथल्या तिथं तोंड बंद करायचं. सगळे गप्प. मग वयानं मोठा असेल त्यानं विचारायचं, "दुसरा कोण?" आणि ज्याची शिट्टी होती त्यानं आधी बोलायचं. तो दमलेला असेल, अडकलेला असेल, नाहीतर उगाच चावट असेल. काही असो, पहिला मान त्याचा. हे कुणी शिकवलेलं नव्हतं. सेटनं शिट्टी मारली आणि त्या माणसांनी तिच्याभोवती रीत बांधली.

मी ते ऐकलं आणि खुदकन हसले. म्हटलं, "मामा, आता शिट्टी विसरा. एफएम घ्या. मुंबईहून मागवू. काचेसारखा आवाज येतो, काचेसारखा."

आबा कथील वितळवता वितळवता म्हणाले, "शाले, जुनं चालतंय तर चालू द्यात की. म्या करून देतो दुरुस्त."

"मोठ्या जहाजांवरसुद्धा आता एफएमच आहे, आबा," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं. आजही समुद्रावर एफएम आहे आणि आभाळात एएम. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण जहाजांवर एफएम वापरायचे नियम असतात; हाकेसाठी चॅनेल मोकळं ठेवायचं, गप्पा दुसरीकडं मारायच्या, थोडक्यात बोलायचं. हे मी सांगायला हवं होतं. मला ते सुचलंच नाही. काचेसारखा आवाज एवढंच डोक्यात होतं.

महादूमामांनी माझ्याकडं बघितलं आणि म्हणाले, "बाय शिकलेली हाय. बाय सांगते तर घेऊ." दोन नवे सेट आले, मीच जोडून दाखवले. त्यांचं बघून बंदरावरच्या मासळीच्या दलालानंही एक मागवला. त्याच्या घरावर एरियल किती उंच लावायची याचं चित्र मी कागदावर काढून दिलं. महिन्याभरात बाकीच्या बोटींनीही तेच सेट घेतले. त्यांचे जुने एएम सेट आमच्या माळ्यावर येऊन पडले. मामांचं पोस्टकार्ड आलं, आवाज फार चांगला येतो, रघू शेजारी बसून बोलल्यासारखा वाटतो, बायला आशीर्वाद. ते कार्ड मी कॉलेजात नेऊन मैत्रिणींना दाखवलं.

पावसाळ्याची बंदी उठून बोटी पुन्हा समुद्रात गेल्या, गणपती झाले, त्यानंतर काही दिवसांनी, सकाळची पार्सलं उतरायच्या वेळेला, महादूमामा दुकानाच्या पायरीवर दिसले. हातात सेट, गोणपाटात न गुंडाळलेला. त्यांच्या मागं तिशीतली एक बाई. कपाळ मोकळं, हातात काही नाही. ती त्यांच्यापासून चार हात लांब थांबली होती आणि त्यांच्याकडं तिनं पाठ केली होती. आबा पटकन उठले. मामा म्हणाले, "रघू गेला."

नंतर त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हा उभ्यानं ऐकलं आणि आज बसूनही मला सांगवत नाही. भरदुपारी रघूच्या बोटीची फळी सुटली, पाणी आत आलं. थोरल्याची बोट लांब पण हाकेच्या टप्प्यात होती, वायरलेसच्या हाकेच्या. रघूनं सेट उचलला. त्या वेळी महादूमामा बंदरावरच्या दलालाशी बोलत होते. दलालाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, कुणाला बोलवायचं, कोण रुसेल, असं लांबण लागलं होतं. रघूबरोबरचे दोन खलाशी जाळं तरतं ठेवणाऱ्या बोयाला धरून तरंगत राहिले आणि दुसऱ्या बोटीनं त्यांना उचललं. त्यांनी बंदरावर येऊन सांगितलं, रघू तांडेल अर्धा तास ‘दादा, दादा’ करत होता. बटण सोडलं की सेटमधून दादाचाच आवाज येत होता. दादा हसत होता.

"मी ऐकलं नाय, बाय," मामा म्हणाले. "देवाशपथ सांगतो, एक अक्षर ऐकलं नाय. पण गाव म्हणतं, त्याला तुजं ऐकू येतं आणि तुला त्याचं येत नाय, असं होईल कसं? ही रघूची बायको, शेवंती. त्या दिवसापासून माज्याशी बोललेली नाय. हिला तुमच्या तोंडून ऐकायचंय. सेट बिघडलेला होता काय, ते बघा."

शेवंतीवहिनी पहिल्यांदाच बोलल्या, पण आबांशी. "भावांची बोलाचाली झाली होती गणपतीत. सेट बिघडला असंल तर बिघडला म्हणा. नसंल तर तसं म्हणा. मला खरं कळू दे."

आबांनी सेट टेबलावर घेतला. मी तेव्हा नवस बोलले, अंबाबाई, ह्याच्यात काहीतरी जळालेलं निघू दे. आम्ही दोघांनी तो पूर्ण सुटा करून तपासला. एकेक सांधा, एकेक टप्पा. तास गेला. आईनं पडद्याआडून पाण्याचे तांबे दिले ते तसेच राहिले. सेटमध्ये काहीही बिघाड नव्हता. मी इतक्या नीट जोडला होता की नवा सेटही इतका चांगला चालला नसता. आबांनी स्क्रू बसवले आणि मान खाली घालून म्हणाले, "पावणं, सेट बरा हाय."

महादूमामांचा चेहरा मी विसरलेली नाही. त्यांचा चौकटीवरचा हात घसरला. वहिनींनी मान हलवली, जणू त्यांना हे आधीच ठाऊक होतं, आणि त्या पायरी उतरायला लागल्या. मी टेबलामागं उभी होते आणि माझ्या मनात काय आलं असेल? सुटलो, असं आलं. आपला सेट चांगला निघाला, दुकानावर बट्टा नाही. मी एवढी नीच होते, हे लिहून ठेवते.

चव्हाणकाका कधी येऊन उभे राहिले होते कुणाला कळलं नव्हतं. पायरीवर वहिनींना वाट देत ते म्हणाले, "ताई, जरा थांबा." मग आबांना म्हणाले, "तू सेट एकटाच तपासलास. दोघं एकदम बोलली तर काय हुतंय, त्ये बघितलास का?"

आबा त्यांच्याकडं बघतच राहिले. मग स्टूल ओढून त्यांनी माळ्यावरून तीन जुने एएम सेट काढले, धूळ झटकली, तारा जोडल्या. एक टेबलावर ऐकायला, एक आबांकडं, एक काकांच्या हाती गल्लीत. दोघंही एकदम बोलायला लागले आणि टेबलावरच्या सेटनं कुईऽऽ करून अशी किंकाळी मारली की आतून आईच्या हातातलं उलथनं पडलं. महादूमामा दचकून चौकटीपासून सुटे झाले. "हीच!" ते म्हणाले. "हीच शिटी!"

"आता नव्यावर," काका म्हणाले.

महादूमामांचा सेट टेबलावर, माझ्यापुढं. दुकानात तपासणीला ठेवलेले दोन हाती सेट होते, त्यातला एक घेऊन आबा दारात उभे राहिले. दुसरा काकांनी वहिनींच्या हातात दिला. "त्या कोपऱ्यावरच्या गिरणीपाशी जावा. ह्ये बटण दाबायचं आणि शालनला हाक मारायची. तिला ऐकू आलं की ती हात वर करंल. तवर हाका मारत ऱ्हायचं." मग आबांना म्हणाले, "तू बोलत ऱ्हा. थांबू नगंस. काय बी वाच."

आबांच्या हाताला लागली ती भिंतीच्या खिळ्याला अडकवलेली एक लग्नपत्रिका. नंतर आठवडाभर ते स्वतःला त्याबद्दल शिव्या देत होते. पण त्या वेळी कुणाचंच डोकं ठिकाणावर नव्हतं. त्यांनी बटण दाबलं आणि ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ पासून सुरुवात केली. मी सेटला कान लावून बसले. आवाज खरंच काचेसारखा येत होता. वधू झाली, वर झाला, दोन्हीकडची काकामामांची फौज झाली. वहिनींचा आवाज येईना. मला वाटलं, त्या अजून गिरणीपाशी पोचल्या नसतील, नाहीतर बटण सापडत नसेल. आबा पत्रिकेच्या तळाला आले, तिथं पोराटोरांच्या नावांवर ‘किलबिल’ लिहिलेलं असतं. आबांच्या मिशा हनुवटीपर्यंत, आवाज हलगीसारखा. त्या आवाजात त्यांनी वाचलं, "आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हंऽऽ." आणि मला हसू फुटलं. इतका वेळ दाबून धरलेला जीव होता, तो असा भलत्या वाटेनं बाहेर आला.

महादूमामांनी माझ्या खांद्याला धरलं. "बाय," ते म्हणाले, "ती बोलतेय. बघ."

मी मान वर केली. गल्लीच्या टोकाला गिरणीपाशी वहिनी उभ्या होत्या. सेट तोंडाशी धरलेला, डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, दुसऱ्या हाताची मूठ वळलेली. त्यांचं तोंड हलत होतं, पण गिरणीच्या घरघरीत त्यांचा आवाज दुकानापर्यंत पोचत नव्हता. बाई सगळं अंग हलवून बोलत होती, ओरडत होती, गिरणीच्या रांगेतल्या बायका डबे खाली ठेवून त्यांच्याकडं बघत होत्या. आणि माझ्या पुढ्यातला सेट आबांच्या आवाजात किलबिल वाचत होता. शिट्टी नाही, खरखर नाही, साधी ‘ख’सुद्धा नाही. मी सेटचा आवाज पूर्ण चढवला. आबाच जास्त मोठे झाले.

त्याच क्षणी मला माझी उत्तरपत्रिका आठवली. हो, उत्तरपत्रिका. मामांना सेट घ्यायला लावायच्या थोडंच आधी परीक्षेत प्रश्न होता, एफएमचे फायदे लिहा. मी त्यात तिसरा मुद्दा लिहिला होता की एकाच फ्रिक्वेन्सीवर दोन संकेत आले तर प्रबळ संकेत तेवढा ऐकू येतो, क्षीण संकेत पूर्ण दाबला जातो. बाहेरचा कडकडाट छाटणारं यंत्र दुसऱ्या माणसालाही कडकडाटच समजतं आणि छाटून टाकतं. दलालाच्या घरावरची उंच एरियल, तिचं चित्र मीच काढलेलं, म्हणून त्याचा संकेत प्रबळ; बुडत्या बोटीवरच्या रघूचा क्षीण. मला त्या मुद्द्याचे पूर्ण गुण मिळाले होते. मी ते पाठ केलं होतं, लिहिलं होतं, गुण मोजले होते, आणि तो ‘क्षीण संकेत’ म्हणजे कुणाचा तरी भाऊ असू शकतो हे माझ्या टाळक्यात एकदाही शिरलं नव्हतं. पुस्तकाला मी दोष देत नाही, मोठमोठ्या यंत्रणेत तो फायदाच असतो. मला महादूमामांनी शिट्टीची रीत सांगितली होती, चव्हाणकाकांनी तर बशी हातात घेऊन समजावलं होतं. मी दोघांनाही हसले होते.

काकांनी हात हलवून वहिनींना बोलावलं. त्या पदर सावरत आल्या, धापा टाकत. आबांनी बटण सोडलं होतं. दुकानात खरखर तेवढी उरली होती.

"ऐकलंस?" वहिनींनी मला विचारलं.

"न्हाई," मी म्हटलं. एरवी मी शिकल्यासवरल्यासारखं बोलायची, त्या दिवशी आईची भाषा तोंडात आली.

"एक शब्द?"

"एक शब्द न्हाई."

"तू हसत होतीस," वहिनी म्हणाल्या. "मी लांबून बघत होते. मी तुजं नाव घेऊन ओरडत होते आणि तू हसत होतीस."

त्यांनी सेट टेबलावर ठेवला आणि पहिल्यांदाच वळून महादूमामांकडं बघितलं. मामा दाराशी उकिडवे बसले होते आणि लहान मुलासारखे रडत होते. "शिटी वाजलीच नाय गो शेवंती," ते म्हणत होते. "मी थांबलो असतो. शिटी वाजली असती तर दलाल काय, देव बोलत असता तरी थांबवला असता. आमी समदे शिटीचीच वाट बघणारे. ती वाजलीच नाय."

तेव्हा मी बोलले. कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, "वहिनी, ते सेट घ्यायला मी लावलं. आबा नको म्हणत होते. शिट्टी विसरा, असं मीच मामांना सांगितलं. ती पुन्हा का वाजणार नाही ते मला ठाऊक होतं, परीक्षेत लिहिलं होतं मी. मामांना सांगितलं नाही." आबांनी माझ्याकडं बघितलं. त्यांच्या नजरेत राग असता तर मला बरं वाटलं असतं.

आतून आई आली. तिला त्या वायरलेसमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बाहेर काय झालं ते तिला आमच्याआधी कळलं होतं. ती वहिनींना हाताला धरून आत घेऊन गेली. शुक्रवार होता, म्हणून जेवणात वांग्याचं भरीत, दही आणि ज्वारीच्या भाकरी. ताटं मांडली, पण मामा पायरीवरून उठेनात. आबांनी दोनदा बोलावलं, काकांनी बोलावलं. मग वहिनी पडद्यापाशी आल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, जेवायला या." रघू गेल्यापासूनचं त्यांचं मामांशी पहिलं बोलणं ते. मामा आले. चार घास त्यांनी कसेबसे गिळले, आणि मी पाणी वाढत फिरत राहिले, कारण बसले असते तर मला खावं लागलं असतं.

आबांनी माळ्यावरचे सगळे जुने सेट पोत्यात भरून दिले, आणि नव्या सेटसाठी काय काय नियम लागतात ते मला एका कागदावर लिहायला लावलं. एक चॅनेल हाकेला मोकळं ठेवायचं. बोलणं आटोपतं घ्यायचं. बोलून झालं की बटण सोडून थांबायचं, आणि शिट्टी न वाजताच विचारायचं, दुसरा कोण? ते शेवटचं वाक्य आबांनी सांगितलं, मी लिहिलं. पुढं मी तीस वर्षं हाच विषय शिकवला आणि प्रत्येक तुकडीला तो कागद फळ्यावर लिहून दाखवला. मुलं वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत येईल म्हणून.

संध्याकाळच्या गाडीला मी त्यांना पोचवायला स्टँडवर गेले. मामा पोतं टपावर चढवायला मागच्या शिडीवर गेले. कंडक्टर ओरडत होता, फेरीवाले ओरडत होते. वहिनींनी मला कोपरापाशी धरलं आणि फलाटाच्या टोकाला, भिंतीपाशी नेलं, जिथं जरा शांत होतं. मी हात जोडले, माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी मान हलवली.

"तू नको बोलू," त्या म्हणाल्या. "गिरणीपाशी मी काय बोलत होते ते तुला ऐकू आलं नाय ना? आता मधे कोण बोलत नाय. आता ऐक."

आणि त्यांनी ते सगळं पुन्हा सांगितलं. आवाज न चढवता, एकेक शब्द सुटा करून. माझ्या शिक्षणाला, माझ्या हातांना, माझ्या काचेसारख्या आवाजाला, मला पुढं होईल त्या संसाराला, त्या बाईनं जे जे म्हटलं ते मी इथं लिहिणार नाही, कारण ते माझ्यासाठी होतं. मी भिंतीला टेकून ऐकलं. डोळे खाली घातले नाहीत. गाडीनं हॉर्न दिला, मामांनी खिडकीतून हाक मारली, तरी त्या थांबल्या नाहीत आणि मीही हलले नाही. सगळं सांगून झाल्यावर त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"ऐकलंस?"

"ऐकलं, वहिनी."

"समदं?"

"समदं."

त्यांनी मान डोलावली आणि त्या गाडीत जाऊन बसल्या.